गणपतीचं गाणं स्वतः टाकायचं की लेबलला द्यायचं?

आषाढ सरत आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, दादा गाणं तयार आहे, लेबलवाले, म्हणजे म्युझिक कंपनीवाले, फुकटात रिलीज करून देतो म्हणतायत, देऊन टाकू का. अरे बाबा फुकट काय, ते मास्टर घेतायत, म्हणजे तू पदरचे पैसे घालून स्टुडिओत जे रेकॉर्ड केलंस ते त्यांचं होणार, आणि साउंड रेकॉर्डिंगचा कॉपीराइट आपल्याकडे 60 वर्षं चालतो. त्यात गणपतीचं गाणं दरवर्षी नव्याने वाजतं, मंडपात, रीलवर, सगळीकडे.

अ‍ॅग्रीमेंट आलं की रक्कम नंतर बघा, आधी मुदत बघा. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ असं दिसलं तर सही करू नका, मास्टर आपल्या नावावर ठेवून 5 वर्षांचं लायसन्स देतो म्हणा, फार तर नाही म्हणतील. गंमत म्हणजे कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुदत लिहिलीच नसेल तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणून तर लेबलचा वकील हे दोन शब्द कधी विसरत नाही. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा मात्र 2012 च्या दुरुस्तीनंतर लेबलला असा लिहून घेता येत नाही, तो वसूल करायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, मेंबर व्हा, लेबल असो नसो.

व्हिडिओचा खर्च लेबल खरंच उचलणार असेल तर खुशाल द्या. पण अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस नाही हं, तो गाण्याच्या कमाईतून वळता होईपर्यंत पुढचं काही हातात पडत नाही.

स्वतः टाकायचं ठरलं तर एक डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं अ‍ॅप्सपर्यंत पोचवणारी कंपनी, लागतो, स्पॉटिफायवर थेट गाणं चढवता येत नाही. काही जण वर्षाला फी घेतात, ती भरायची राहिली तर गाणं खाली उतरू शकतं, काही जण कमाईत टक्का घेतात. नावाचं स्पेलिंग प्रत्येक वेळी तेच ठेवा, माझं पहिलं गाणं त्याच नावाच्या दुसऱ्याच गायकाच्या प्रोफाइलवर जाऊन बसलं होतं आणि ते सोडवण्यात रिलीजचा आठवडा गेला. गीतकार, संगीतकार, अरेंजर कुणाला किती टक्के ते अपलोडच्या आधी कागदावर सह्या घेऊन ठरवा, ढोलकीवाल्याचे पैसे तर त्याच दिवशी रोख. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी पिच, म्हणजे आमचं गाणं घ्या अशी विनंती, रिलीजच्या किमान 7 दिवस आधी करावं लागतं, मी तीन आठवडे धरतो. आणि लगेच पैशाची स्वप्नं नकोत, स्पॉटिफायवर वर्षभरात 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचं रेकॉर्डिंगचं काहीच मिळत नाही.

आरती असेल तर वेगळीच भानगड. समर्थ रामदासांची आरती 17व्या शतकातली, शब्दांवर कुणाचाच हक्क नाही, तरी आम्ही यूट्यूबवर टाकल्यावर काही तासांत कॉन्टेंट आयडीचा, म्हणजे जुळणारं रेकॉर्डिंग आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम, का तर एका कंपनीच्या रेकॉर्डिंगशी चाल जुळली. डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला, शब्द पारंपरिक, गायन-वादन आमचं असं लिहिलं, पण समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात आणि आमचे 30 दिवस संपले तोवर अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. तेव्हापासून व्हिडिओ दीड महिना आधीच प्रायव्हेट करून चढवून ठेवतो, क्लेम यायचा तो तेव्हाच येऊ दे.