छोटं कुत्रं घेऊन दुकानात जाताना

निघण्याआधी दुकानात एक फोन करा. दारावर पाटी नाही म्हणजे परवानगी आहे, असं नव्हे. खाद्यपदार्थांच्या दुकानात स्वच्छतेच्या नियमांमुळे बहुधा नकारच मिळतो. तिथे हट्ट धरू नका. कपडे, पुस्तकं, हार्डवेअर अशा ठिकाणी शक्यता जास्त. आत जायच्या आधी शी-शू उरकून घ्या आणि कुत्र्याला झिप असलेल्या बॅगेत ठेवा. ट्रॉलीत मोकळं बसवलेलं कुत्रं इतर गिऱ्हाइकांना खटकतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकतही नाही.

नकार मिळाला तर दारावरच्या माणसाशी वाद घालून उपयोग नाही, नियम त्याने केलेला नसतो. ‘सामान बाहेर आणून द्याल का?’ एवढं विचारा. पुष्कळदा काम होतं. पाळीव कुत्र्याला ‘सहाय्यक श्वान’, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेलं कुत्रं, म्हणून खपवू नका. त्याचा त्रास ज्यांना खरोखर अशा कुत्र्याची गरज आहे त्यांना होतो.

आणि ‘पाचच मिनिटं’ म्हणून त्याला बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका. बाहेर 21 अंश सेल्सिअस असलं तरी उन्हातल्या गाडीत अर्ध्या तासात पारा 40 अंशांच्या आसपास जातो. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. सोबत कुणी असेल तर आळीपाळीने आत जा.