धूर गेला तरी अलार्म थांबेना

मनीषनगरच्या आमच्या घरी धूर विरला तरी अलार्मच्या पॅनेलवरचा फायर झोन (आगीच्या डिटेक्टरांची लाइन) मोकळाच होईना. चार तारांचा स्मोक डिटेक्टर एकदा वाजला की लॅच होतो, म्हणजे त्याच अवस्थेत अडकून राहतो. त्याचा १२ व्होल्टचा पुरवठा क्षणभर तोडल्याशिवाय रिसेट होत नाही. वायरमनने लाल तार कायम चालू टर्मिनलला दिली होती. ती स्विच्ड आउटपुटवर, म्हणजे रिसेट करताना पॅनेल ज्याचा पुरवठा क्षणभर तोडतं त्या टर्मिनलवर घेतली आणि काम झालं.

एंड-ऑफ-लाइन रेझिस्टरही (तार शाबूत आहे हे पॅनेलला कळावं म्हणून लाइनच्या टोकाला लावायचा रोध) पॅनेलच्या डब्यातच पिळून ठेवलेला! तो शेवटच्या डिटेक्टरमध्ये नेला. नाहीतर मधे तार तुटली तरी पॅनेलला पत्ताच लागत नाही, आणि हे फार धोक्याचं. सावजी मसाला परतताना धूर होणारच, म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेने, ५७ अंश सेल्सियसला वाजणारा हीट डिटेक्टर लावला. सायरन थेट पॅनेलवर आहे, वायफाय गेलं तरी वाजतो.