रॉकेट-उड्डाणाचा पर्यावरणावरील भार कसा तपासावा

रॉकेट उडाले की किती कार्बन डायऑक्साइड सुटला, एवढेच बहुधा विचारले जाते. परंतु विमानवाहतुकीच्या तुलनेत तो आकडा फार लहान असल्याने तपासणी इंधनापासून सुरू करावी. इस्रोच्या मोहीम-पुस्तिकेत प्रत्येक टप्प्याचे इंधन दिलेले असते. ते टप्प्यागणिक लिहून घ्यावे.

इस्रोचा एलव्हीएम-3 हा प्रक्षेपक घ्या. त्याच्या दोन एस-200 बूस्टरांत (बाजूला जोडलेल्या पूरक रॉकेटांत) प्रत्येकी सुमारे 200 टन घन इंधन असते; त्यातील अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू व ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण बाहेर पडतात. मधल्या टप्प्यातील यूडीएमएच हे द्रव इंधन विषारी आहे. वरच्या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव हायड्रोजन व ऑक्सिजन वापरणाऱ्या, टप्प्यातून मुख्यतः पाण्याची वाफच निघते. तरीही त्याला निर्दोष ठरवण्यापूर्वी हायड्रोजन कशापासून बनवला, हे पाहावे, कारण जगात तो आजही बहुतांशी नैसर्गिक वायू आणि कोळशापासून मिळवला जातो.

इंधनानंतर उंची पाहावी, आणि माझ्या मते हाच तपासणीचा गाभा आहे. एस-200 बूस्टर जळत असतानाच प्रक्षेपक ओझोनचा थर ओलांडतो, त्यामुळे हायड्रोजन क्लोराइडमधील ओझोनचा नाश करणारे क्लोरीन थेट तिथेच सोडले जाते. फाल्कन-9सारखी केरोसिनवर चालणारी रॉकेटे काजळी सोडतात. जमिनीजवळची काजळी पावसाने काही दिवसांत धुऊन जाते. स्थितांबरात (ढगांच्या वरच्या, ओझोनचा थर असलेल्या पट्ट्यात) पाऊसच नसल्याने ती दोन-तीन वर्षे टिकून सूर्याची उष्णता शोषत राहते.

प्रक्षेपण-स्थळाची नोंद थोडक्यात पुरते. मात्र इस्रोचे प्रक्षेपण-केंद्र असलेले श्रीहरिकोटा हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुलिकत सरोवराला लागून आहे, हे विसरू नये.

शेवटी, वर गेलेल्या वस्तूंचे पुढे काय होते, हे शोधावे. 2 एप्रिल 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आकाशातून धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचे अभ्यासकांचे मत होते. याउलट, जानेवारी 2024मध्ये उडालेल्या पीएसएलव्ही-सी58 या रॉकेटचा चौथा टप्पा इस्रोने 650 किलोमीटरवरून 350 किलोमीटरच्या कक्षेत उतरवला आणि मार्चमध्ये त्याने वातावरणात पुन्हा प्रवेश केला. असा टप्पा जळून गेला तरी त्याचा धातू हवेतच उरतो: 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत स्थितांबरातील गंधकाम्लाच्या सुमारे 10 टक्के कणांत अंतराळयानांचे धातू आढळले. त्यामुळे उपग्रहांचे वजन, संख्या आणि आयुर्मानही नोंदवावे. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकसारख्या समूहातील उपग्रह साधारण पाच वर्षांनी बदलावे लागतात, म्हणून अशा समूहाचा हिशेब एका उड्डाणापुरता न मांडता वर्षागणिक मांडावा.