सी भाषेत अंकांचे पॅटर्न: तास आणि झाडं

कपाशीचं तिकोनी वावर डोळ्यापुढे आणा. पहिल्या तासात (झाडांच्या ओळीत) एक झाड, दुसऱ्यात दोन, पाचव्यात पाच. तास मोजतो तो बाहेरचा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा कोड), त्याचा आकडा आय; तासातली झाडं मोजतो तो आतला, त्याचा आकडा जे. तास संपला की धुऱ्यावर वळायचं, म्हणजे नवी ओळ.

फॉर (आय = १; आय <= ५; आय++)
{
  फॉर (जे = १; जे <= आय; जे++)
    प्रिंटएफ("%डी ", जे);
  प्रिंटएफ("\एन");
}

इथे उच्चार लिहिलेत. आय++ म्हणजे आय एकने वाढवा. कीबोर्डवर सगळं इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाका. उत्तर असं येतं:

१
१ २
१ २ ३
१ २ ३ ४
१ २ ३ ४ ५

आकार ठरतो आतल्या लूपच्या अटीवर. 'जे <= ५' केलं की चौकोन, 'जे <= ६ - आय' केलं की उलटा त्रिकोण. कोणता अंक दिसेल ते प्रिंटएफ ठरवतं: जेच्या जागी आय छापा, १, २ २, ३ ३ ३ असं येईल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोरं गडबडतात ती इथेच.

चूक कुठे झाली हे स्क्रीनच सांगते. एकाखाली एक २, ३, ४, ५, ६ आले तर आतल्या फॉरच्या कंसानंतर अर्धविराम पडलाय: लूप रिकामाच फिरला आणि जे एक पाऊल पुढे जाऊन थांबला. १ ते ५ एकाखाली एक आले, तर 'जे = १' दोन्ही लूपच्या बाहेर राहिलं. सगळं एकाच ओळीत आलं, तर बाहेरचे महिरपी कंस सुटले. आणि १ चा पूर थांबतच नसेल, तर जे++ च्या जागी आय++ आहे. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा.

लाईन (वीज) गेली असेल तर वहीत आय आणि जेचे दोन रकाने आखून तिसरी ओळ हाताने चालवा. चूक बहुतेक तिथेच सापडते.

फ्लॉइडच्या त्रिकोणात (१, मग २ ३, मग ४ ५ ६) अंक पुन्हा एकपासून सुरू होत नाहीत. म्हणून आय आणि जेसारखा तिसरा व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) घ्या, 'के = १' दोन्ही लूपच्या आधी, आणि छापताना के++. पाच ओळींत शेवटचा अंक १५ येतो. चौथ्या ओळीपासून दोन अंकी आकडे आले की रकाने वाकडे होतात. '%डी' ऐवजी '%३डी' लिहा, प्रत्येक आकड्याला तीन घरं मिळतात.

१, १२१, १२३२१ हा पिरॅमिड हवा असेल तर एका तासात तीन लूप, एकामागून एक: आधी '५ - आय' रिकाम्या जागा, मग १ ते आय, मग 'आय - १' पासून खाली १ पर्यंत. तिसरा लूप आयपासून सुरू केला की मधला अंक दोनदा छापतो, १२२१ होतं. इथे अंकांमध्ये जागा सोडू नका. सोडलीच, तर डावीकडच्या रिकाम्या जागाही दुप्पट कराव्या लागतात.