शब्दच सुचत नसतील तेव्हा स्तोत्रांतून प्रार्थना कशी करायची

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी आई इथंच नाशिकच्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस आयसीयूत होती. रात्री पॅसेजमध्ये मी आणि भाऊ आळीपाळीनं बसायचो, आणि खरं सांगते, लहानपणापासून संडे स्कूल, तरुण संघ, घरोघरच्या प्रार्थना सभा सगळं केलेलं असूनही त्या बाकड्यावर माझ्या तोंडून "प्रभू" याच्या पुढं एक शब्द फुटत नव्हता. आईच्या पिशवीत तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं, काळ्या रेक्झिनचं कव्हर, पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या. उघडलं तर एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं, तिथं त्यातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३० निघालं. खोल स्थळातून परमेश्वराचा धावा करणाऱ्याचं स्तोत्र, जेमतेम आठ वचनांचं. त्यात म्हटलंय की पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्यापेक्षा जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, आणि हेच लगेच परत एकदा म्हटलंय. मान वर केली तर गेटवरचा वॉचमनदादा प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून उभा होता, एकदा मोबाइलमधलं घड्याळ बघायचा एकदा आभाळाकडं, सातला त्याची ड्युटी सुटायची होती. सकाळ होणार हे त्याला पक्कं माहीत होतं, फक्त अजून झालेली नव्हती. ते वचन मी मग त्याच्याकडं बघत बघत चार-पाच वेळा हळू आवाजात म्हटलं आणि तीच माझी त्या रात्रीची प्रार्थना झाली.

तेव्हापासून बऱ्याच जणींनी विचारलं की हे नेमकं करायचं कसं, म्हणून जमेल तसं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी मनातली एक भीती काढून टाका, की दुसऱ्याच्या शब्दांतून केलेली प्रार्थना खरी नसते. आपल्याकडं बऱ्याच जणांना असं वाटतं. पण खुद्द प्रभू येशूनं वधस्तंभावर काय म्हटलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही स्तोत्र २२ ची पहिली ओळ आहे. आणि शेवटी पित्याच्या हाती आत्मा सोपवताना जे म्हटलं ते स्तोत्र ३१ मधलं. सगळ्यात मोठ्या वेदनेच्या वेळी त्याच्या ओठांवर लहानपणापासून पाठ असलेलीच वचनं आली, मग आपण उसने शब्द घेतले तर त्यात कमीपणा कसला.

आधी गरज काय आहे तिला नाव द्या

"देवा खूप टेन्शन आहे" इथंच थांबू नका. कसलं टेन्शन? भीती आहे, की राग आहे, की आपल्या हातून चूक झालीय आणि ती खातेय, की नुसता थकवा आहे? हे एका वाक्यात स्वतःशी बोला, जमलं तर कागदावर लिहा. "सातपूरच्या कंपनीतून यांना ब्रेक दिलाय आणि पाच तारखेला घराचा हप्ता आहे" असं स्पष्ट. नाव दिलं की स्तोत्र शोधणं सोपं जातं.

मग स्तोत्र निवडा

१५० स्तोत्रं आहेत, त्यामुळं पान उघडेल ते वाचायचं असं केलं तर कधी कधी जेवायला बसल्यावर औषधाची बाटली हातात आल्यासारखं होतं. मी जे वापरते ते सांगते. आजारपणात ६, ३८, ४१. झोपच येत नसेल तर ७७, त्यात स्तोत्र लिहिणारा सरळ म्हणतो की तू माझ्या पापण्या मिटू देत नाहीस आणि मी इतका व्याकूळ आहे की बोलवत नाही, रात्री दोनला हे वाचून बघा म्हणजे कळेल. झोपण्याआधी ४. पश्चात्ताप असेल तर ५१ आणि ३२. जवळच्या माणसानं, त्यातही चर्चच्या मंडळीतल्याच माणसानं दगा दिला असेल तर ५५, तिथं लिहिणारा शत्रूबद्दल रडत नाही, ज्याच्याबरोबर देवाच्या घरी जायचो त्या मित्राबद्दल रडतो. वाईट माणसांचं चांगलं चाललंय बघून जीव जळत असेल तर ७३ नाहीतर ३७. प्रवासाला निघताना, मुलं बाहेरगावी असतील तेव्हा १२१. मी ते म्हणताना आमच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, आणि "मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो" म्हटल्यावर पुढची ओळ महत्त्वाची आहे हे स्वतःला बजावते, कारण मदत डोंगराकडून येत नाही, तो ज्यानं केला त्याच्याकडून येते.

आणि काहीच ठरत नसेल तर १०७ घ्या. लांब आहे पण त्यात चार प्रकारची संकटात सापडलेली माणसं आहेत: रानात वाट चुकलेली, अंधारात बेड्या पडलेली, आजारानं मरणाच्या दारात गेलेली आणि समुद्रात वादळात अडकलेली. चारही ठिकाणी तेच वाक्य येतं की संकटात त्यांनी परमेश्वराचा धावा केला. आपण आज या चौघांतले कोण ते शोधायचं आणि तेवढाच तुकडा धरायचा.

तोंडानं म्हणा

डोळ्यानं भरभर वाचलं तर ते पेपर वाचल्यासारखं होतं. आवाज करून म्हणा, हॉस्पिटलात असाल तर ओठ हलवून पुटपुटा, पण शब्द तोंडातून जाऊ द्या. एकदा पूर्ण म्हणायचं, मग परत सुरुवातीपासून हळू. दुसऱ्या वेळी कुठंतरी एखादी ओळ टोचते, नाहीतर घसा दाटून येतो, तिथं थांबायचं. पुढं जायची घाई नाही. स्तोत्रांत मधेमधे "सेला" असा शब्द दिसतो, त्याचा नेमका अर्थ अभ्यासकांनाही पक्का सांगता येत नाही, बरेच जण गाण्यातला विराम असावा असं मानतात. मी तो दिसला की एक लांब श्वास घेते.

आता त्यात आपलं घाला

खरं काम हेच आहे. उदाहरणासाठी स्तोत्र १३ घेऊ, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर" येतं. प्रत्येक "कोठवर" नंतर थांबून आपलं सांगायचं, आपल्या रोजच्या बोलीत, जसं घरात बोलतो तसं.

"हे परमेश्वरा, कोठवर? तीन महिने झाले, हे रोज डबा घेऊन अंबडला गेटवर जाऊन परत येतात, मुलांसमोर हसतात आणि रात्री गॅलरीत एकटे बसतात, मला बघवत नाही, कोठवर?"

मग मागणं. तिथं स्तोत्रकर्ता म्हणतो माझ्याकडं बघ, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज येऊ दे. इथं लाजू नका, काय पाहिजे ते मागा, नोकरी पाहिजे तर नोकरी म्हणा, पाच तारखेचा हप्ता म्हणा, उगाच गोल गोल नको. आणि शेवटी तो म्हणतो की मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. ती ओळ मनापासून म्हणता आली तर म्हणा. नाही आली तर तेही त्यालाच सांगा, की प्रभू ही ओळ आज माझ्यानं म्हणवत नाही, मला तिथंपर्यंत ने. मी कित्येक दिवस चौथ्या वचनावरच थांबलेय.

निफाडला आमच्या नात्यातल्या एका मामांची द्राक्षबाग आहे. काढणीला आठ दिवस राहिले असताना गारपीट झाली. ते म्हणाले मला काही म्हणू नका, चांगलं होईल वगैरे सांगू नका. संध्याकाळी कुटुंब प्रार्थनेला मामींनी फक्त १२६ वाचलं, जे अश्रू गाळत पेरणी करतात ते हर्षाने कापणी करतील, आणि मामा पहिल्यांदा रडले. मग त्यांनी त्या वचनात स्वतःच्या बागेचा सर्व्हे नंबर घालून प्रार्थना केली, अगदी शब्दशः. मला ती प्रार्थना फार खरी वाटली.

तक्रारीच्या ओळी गाळू नका

आपल्याला सवय लागलीय २३, ९१, १०३ एवढीच आलटून पालटून म्हणायची. सुंदर आहेत, पण शास्त्रात रडणं, भांडणं, "का" विचारणं पण आहे आणि ते देवानंच ठेवलंय. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटचा शब्दसुद्धा अंधाराचाच. माझे वडील गेले त्या आठवड्यात मला ते एकच सहन होत होतं, कारण ते मला लवकर बरं व्हायला सांगत नव्हतं.

राग असेल तर १०९ सारखी शापाची स्तोत्रं काय करायची हा प्रश्न येतोच. माझं मत असं की राग देवासमोर ओता, पूर्ण ओता, पण निकाल त्याच्यावर सोडा, आणि मग प्रभूनं वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय हे आठवून त्या माणसाचं नाव एकदा घ्या. एका दिवसात जमत नाही हे मलाही माहीत आहे.

मंत्रासारखं वापरू नका

हे कळकळीनं सांगते. स्तोत्र ९१ कागदावर लिहून उशीखाली ठेवणं, अमुक दिवस अमुक वेळा म्हटलं की काम होतंच असं मेसेजमध्ये फिरवणं, हे बंद करा. बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतानानं येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगताना याच ९१ व्या स्तोत्राचं वचन वापरलं होतं, आणि येशूनं म्हटलं देवाची परीक्षा पाहू नको. स्तोत्र म्हणजे देवाशी बोलणं, त्याला बांधून ठेवणं नव्हे. गोळ्या वेळेवर घ्या, डॉक्टरांचं ऐका, मन फारच खचलं असेल तर घरच्यांना, पाळकसाहेबांना आणि डॉक्टरांनाही सांगा, आणि त्याबरोबर प्रार्थना करा.

रोजचं कसं बसवायचं

संकट आल्यावर पहिल्यांदा शोधायला गेलं की सापडत नाही, म्हणून रोजचं थोडं पाहिजे. सोपा हिशोब आहे: आजची तारीख घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. १२ तारीख असेल तर १२, ४२, ७२, १०२, १३२. या पाचांतलं एक निवडून म्हणा, सगळी म्हणायची गरज नाही. ३१ तारखेला मी ११९ मधला एखादा भाग घेते, १७६ वचनं आहेत आणि आठ-आठ वचनांचे बावीस भाग पाडलेत, त्यामुळं एक भाग दोन मिनिटांत होतो. कॅथलिक मैत्रिणींसाठी एक गोष्ट, जुन्या काही पुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा नंबर एकानं कमी असतो, १३० वं तिथं १२९ वं सापडेल, गोंधळू नका.

वेळ कुठली हे ज्याचं त्यानं बघावं. मी शरणपूर रोडनं रिक्षानं कामाला जाते तेव्हा मनातल्या मनात ४६ म्हणते. "देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे." एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या या शरणपूरमध्ये गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. त्या नाशिकमध्ये शिकलेल्यांपैकीच जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन १८७४ साली इंग्लंडला गेला. आईबापांपासून तोडलेली ती लेकरं आणि गावाचं नाव शरणपूर, हे आठवलं की "आश्रय" हा शब्द मला रिक्षात बसल्या बसल्या जड वाटायला लागतो.

पेन्सिलनं तारीख टाका

ज्या वचनापाशी थांबलात तिथं समासात बारीक अक्षरात तारीख आणि एक-दोन शब्द लिहा. आईच्या शास्त्रात अशा तारखा भरलेल्या आहेत. ४१ पाशी भावाच्या टायफॉइडची, १२७ पाशी आमच्या घराच्या पायाभरणीची, ८८ पाशी वडिलांची, तिथं नुसती तारीख, शब्द काहीच नाही.

बाराव्या दिवशी आईला वॉर्डात आणलं आणि पुढच्या आठवड्यात घरी. आवाज बसलेला होता. तिनं खुणेनं शास्त्र मागितलं आणि ११६ काढायला सांगितलं, परमेश्वरानं माझी विनवणी ऐकली म्हणून मी त्याच्यावर प्रेम करते, त्या सुरुवातीचं. मी वाचलं, ती ओठ हलवत राहिली. मग चष्मा लावून तिनं पानं उलटी फिरवली तर १३० पाशी माझ्या अक्षरात तारीख होती. तिनं ती वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि उशीखालून पेन्सिल काढून त्याच्या खाली दुसरी तारीख घातली.