खंड्या टिपायचा तर आधी त्याची बैठक शोधा

गोव्यात खंड्या पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. विजेच्या तारेवर, शेताच्या बांधावरच्या खुंटावर किंवा विहिरीच्या काठावर पांढऱ्या छातीचा खंड्या रोज दिसतो, आणि तो सहज दिसतो म्हणूनच नवखा छायाचित्रकार कॅमेरा घेऊन त्याच्या मागे चालू लागतो. पक्षी उडतो, पुढच्या खांबावर बसतो, आपण जवळ गेलो की पुन्हा उडतो, आणि सकाळ संपते तेव्हा कार्डावर केवळ पाठमोऱ्या, धूसर निळ्या आकृत्या उरतात. खंड्याच्या मागे जाऊन त्याचे चांगले छायाचित्र मिळत नाही; त्याची बैठक शोधून, तो येण्यापूर्वी तिथे बसून राहिले तरच ते मिळते.

बैठक शोधणे अवघड नाही. खंड्या आपल्या हद्दीत ठरावीक फांद्यांवर व खुंटांवर पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे अशा जागेखाली पांढरी विष्ठा साचलेली दिसते, आणि नीट पाहिले तर माशांचे काटे व खेकड्यांच्या कवचाचे तुकडे असलेल्या, त्याने ओकून टाकलेल्या गोळ्याही सापडतात. पहिला दिवस कॅमेरा न उघडता केवळ पाहण्यात घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पक्षी कोणत्या खुंटावर किती वाजता येतो, कोणत्या दिशेला तोंड करून बसतो आणि मासा घेऊन कुठे परततो, हे वहीत लिहून ठेवले तर दुसऱ्या दिवशीचे अर्धे काम झालेले असते.

खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या बांधावरील मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, ही यासाठी उत्तम जागा आहे. ओहोटी लागली की मानशीची दारे पाण्याच्या जोराने उघडतात, आतले पाणी नदीकडे धावू लागते, त्यासोबत लहान मासे व सुंगटे (कोळंबी) तोंडाशी गोळा होतात आणि जवळच्या खांबावर छोटा खंड्या येऊन बसतो. कवड्या खंड्या मात्र पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि तिथूनच सूर मारतो, त्यामुळे त्याच्यासाठी खुंटापेक्षा मोकळ्या पाण्याकडे लक्ष ठेवावे. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ओहोटी साधेल असे दिवस पंधरवड्यात मोजकेच येतात, म्हणून आधी भरतीचे तक्ते पाहावेत आणि मगच सुट्टी ठरवावी.

तिवरांमधल्या खंड्यांसाठी रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर उतरून सलीम अली पक्षी अभयारण्यात जावे. हे अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे आहे, पण ओहोटीच्या वेळी तिथला चिखल उघडा पडला की कुर्ल्या आणि निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) टिपण्यासाठी काळ्या टोपीचा खंड्या आणि मानेभोवती पांढरा पट्टा असलेला कॉलर्ड किंगफिशर तिवरांच्या खालच्या फांद्यांवर उतरू शकतात, आणि तेव्हाच ते नजरेच्या पातळीवर मिळतात. कुंभारजुवेच्या कालव्यातून होडीने गेल्यास हेच पक्षी पाण्याच्या बाजूने दिसतात. होडीत तिपाई वापरू नये, कारण इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात उतरते. इंजिन बंद करायला सांगावे आणि कॅमेरा हातात धरून शटरचा वेग 1/1000 सेकंदाच्या खाली येऊ देऊ नये. या कालव्यात मगरी आहेत, तेव्हा चांगला कोन मिळावा म्हणून चिखलाच्या काठावर उतरणे कटाक्षाने टाळावे.

प्रकाशाचा विचार इतर पक्ष्यांपेक्षा खंड्यासाठी अधिक करावा लागतो. त्याच्या पाठीचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो; पिसांतील अतिसूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विशिष्ट रीतीने विखुरतो आणि तो निळा दिसतो. सूर्य पक्ष्याच्या मागे असला की हाच निळा काळपट होतो. म्हणून सकाळी पूर्वेकडच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. पांढऱ्या छातीवर ऊन पडले की पिसांचा पोत नाहीसा होतो, त्यामुळे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवावे. बसलेल्या पक्ष्यासाठी 1/500 ते 1/1000 सेकंद पुरते, सूर मारणाऱ्या पक्ष्यासाठी 1/2500 किंवा त्याहून अधिक वेग हवा, आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 1600 किंवा 3200 पर्यंत नेण्याचा संकोच करू नये. लेन्स किमान 400 मिलिमीटरची असावी.

सूर मारतानाचे छायाचित्र सर्वांना हवे असते, परंतु सुरुवात त्याने करू नये. मासा पकडून खंड्या बहुधा त्याच खुंटावर परततो, मासा दोन-चार वेळा आपटतो आणि डोक्याकडून गिळतो. या काही क्षणांत पाण्याचे थेंब, माशाचे चमकणारे खवले आणि चोचीची पकड हे सारे स्थिर बैठकीवर मिळते, आणि मला तरी ते सुराच्या छायाचित्राहून अधिक बोलके वाटते. छोट्या खंड्याची खालची चोच तांबूस असेल तर ती मादी, पूर्ण काळी असेल तर नर, हेही अशाच जवळच्या चित्रात ओळखता येते.

जून ते सप्टेंबर या काळात तिबोटी खंड्या जंगलातल्या ओहोळांकाठी मातीच्या कडेला बीळ खोदून घरटे करतो. जेमतेम 13 सेंटिमीटरचा हा पक्षी झाडांच्या सावलीत अतिशय कमी उजेडात बसतो, तेव्हा तिपाई लावावी, शटर 1/200 पर्यंत खाली आणावे, डोके हलवून तो क्षणभर थांबतो तेव्हा सलग तीन-चार चित्रे घ्यावीत आणि फ्लॅश पिशवीतच ठेवावा. घरट्याच्या तोंडासमोर काठी रोवणे किंवा आडवी आलेली वेल छाटणे हे कधीही करू नये, कारण ती वेलच बिळाला साप व इतर शिकाऱ्यांपासून आडोसा देत असते.

सत्तरी तालुक्यातल्या एका ओहोळाकाठी मी स्वतः एकदा चुकलो आहे. चोचीत पाल धरलेला तिबोटी माझ्यासमोरच्या फांदीवर येऊन बसला, हलेना, आणि तो आपल्याला संधी देत आहे या आनंदात मी वीस मिनिटे शटर दाबत राहिलो. घरी पडद्यावर चित्रे मोठी करून पाहिली तेव्हा पालीचे डोके चोचीच्या बाहेरच्या बाजूला आहे हे लक्षात आले. स्वतः खायचे असते तर त्याने डोके आत घेतले असते. पिल्लांना भरवायचे असते तेव्हाच डोके बाहेर ठेवले जाते. म्हणजे बीळ माझ्या अगदी जवळ होते आणि माझ्यामुळे पिल्ले उपाशी थांबली होती. दुसऱ्या दिवशी मी ओहोळाच्या वळणापर्यंत, सुमारे तीस पावले मागे जाऊन बसलो. पाचच मिनिटांत तो केशरी पक्षी पाण्यावरून सरळ आला आणि क्षणभरही न थांबता बिळात शिरला.