मिरकरवाड्यातल्या वस्तीतून सुक्या मासळीचा धंदा कसा उभारावा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरालगतच्या वस्तीत राहणाऱ्या ज्या तरुणाला स्वतःचा धंदा करायचा आहे, त्याने गाळा शोधत फिरण्याआधी सुक्या मासळीचा विचार करावा, कारण कच्चा माल दारात उतरतो, तो पारखणारी माणसे घरातच असतात आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, खरेदीला गिऱ्हाईक स्वतःहून विचारत येते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांसाठी एप्रिल-मेमध्येच घरोघरी जवळा (अगदी बारीक कोळंबी), सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) आणि खारा बांगडा भरून ठेवतात. हाताला सवय व्हावी म्हणून कामाला मात्र पाऊस सरताच लागावे.

पहिल्यांदा दहा किलो जवळाच घ्यावा. स्वस्त मिळतो म्हणून उरलासुरला माल उचलू नये. जवळा धुऊन, निथळून, कमरेएवढ्या उंचीच्या बांबूच्या मांडवावर ताणलेल्या बारीक जाळीवर पातळ पसरावा आणि माश्या बसू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचे कापड घालावे. वाळूवर सुकवलेला जवळा दाताखाली कचकचतो. मांडवावर त्याला खालूनही वारा लागतो. दुपारी तो उलथावा, दव पडण्याआधी आत घ्यावा. दुसऱ्या दिवशी मूठभर घेऊन आवळावा: मूठ उघडताच मोकळा पडला आणि बोटांत कुरकुरला तर सुकला, गोळा राहिला तर आणखी ऊन द्यावे. उन्हातला गरम माल लगेच पिशवीत भरू नये. पहिल्या वर्षी मी ती घाई केली. पिशव्यांना आतून घाम सुटला आणि आठवड्यात सगळ्या मालाला बुरशी आली.

हिशेब वहीत मांडावा. समजा, दहा किलो ओल्या मालाला ६०० रुपये पडले आणि दोन किलो सुका जवळा हाती आला, तर किलोला ३०० रुपये केवळ मालाचेच झाले. त्यात पिशव्या, रिक्षाभाडे आणि मजुरी धरावी. आईने व बहिणीने उन्हात काढलेल्या तासांचीसुद्धा. वस्तीतले अनेक धंदे फायद्यात दिसतात ते घरच्या बायकांचे श्रम फुकट धरल्यामुळे, आणि हे मला मनापासून चुकीचे वाटते.

अन्न व्यवसायाची नोंदणी करून तिचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि भरल्याची तारीख पाकिटावर छापावी. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

भांडवलासाठी व्यापाऱ्याची उचल घेऊ नये, कारण मग भाव तोच ठरवतो. नगरपरिषदेच्या हद्दीत बसून विकणाऱ्या पात्र विक्रेत्याला पीएम स्वनिधी योजनेतून पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत बिनतारण मिळू शकते. ते फेडल्यावर २५,००० आणि पुढे ५०,००० रुपयांपर्यंतची सोय आहे. हे पैसे मांडव सजवण्यात न घालवता आगोटीच्या मालासाठी राखावेत, आणि मेअखेरीस आलेल्या विक्रीतून पहिल्यांदा ऑक्टोबरच्या खरेदीची रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी.